चुनखडीच्या जमिनीतील उन्हाळ कांदा : गंधक, जस्त आणि लोह कोणत्या रूपात द्यावे?

शिवनाकाठ (वैजापूर)

नमस्कार मंडळी. उन्हाळ कांद्याच्या लागवडीपूर्वी खतांचे नियोजन पक्के करावे, या हेतूने हा धागा सुरू करत आहे. जमीन मध्यम काळी असून फूटभर खाली चुनखडीचे खडे लागतात. खरिपात सोयाबीन होते, पाणी विहिरीचे आहे आणि लागवड सपाट वाफ्यांत करणार आहे. माती परीक्षणाचा अहवाल असा आहे : सामू (आम्ल-विम्लता दाखवणारा pH) ८.३, क्षारता ०.४२ डेसीसायमन प्रति मीटर, सेंद्रिय कर्ब ०.३८ टक्के, मुक्त चुना (मातीत मिसळलेली चुनखडी) ९ टक्के. नत्र (नायट्रोजन) कमी, स्फुरद (फॉस्फरस) मध्यम, पालाश (पोटॅश) अत्यंत जास्त. गंधक ७, जस्त ०.४१, लोह ३.१, मंगल (मँगनीज) ६.२, तांबे १.८ आणि बोरॉन ०.६ मिलिग्रॅम प्रति किलो.

दुकानातून मिळालेल्या वेळापत्रकात एकरी १०:२६:२६ (आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद व पालाश यांच्या टक्केवारीचे) च्या दोन बॅगा आणि सूक्ष्म अन्नद्रव्यांची १० किलोची बादली लागवडीबरोबर सांगितली आहे. पुढे युरिया, ह्युमिक, समुद्री शेवाळाचा अर्क, १९:१९:१९, नंतर ०:५२:३४ आणि शेवटी ०:०:५० अशी रांग आहे. खर्चाचा प्रश्न आहेच. त्याहून मोठा प्रश्न असा, की कांदा चाळीत टिकवायचा आहे आणि जमीनही पुढच्या पिढीला नीट द्यायची आहे. या अहवालाप्रमाणे कोणते घटक खरोखर लागतील आणि ते कोणत्या रूपात द्यावेत, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

मृदाविद्यार्थी (परभणी)

शिवनाकाठ, आपण मुक्त चुन्याचा आकडा दिलात हे फार चांगले केले, कारण खताचा निर्णय बदलणारा आकडा तोच आहे आणि बहुतेक जण सामूपाशीच थांबतात. बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या आपल्या काळ्या जमिनीत एकूण लोह भरपूर असते. तरीही पीक पिवळे पडते, कारण चुनखडी आणि आठच्या वरचा सामू असला की ते लोह मुळांना उचलता न येणाऱ्या रूपात अडकून राहते. जस्ताचीही साधारण हीच गत होते. म्हणून अशा जमिनीत कोणते अन्नद्रव्य टाकले याइतकेच ते कोणत्या रूपात, कुठे आणि केव्हा टाकले यालाही महत्त्व आहे. दुकानाच्या वेळापत्रकात ही बाजू मला कुठेच दिसत नाही.

दुसरी गोष्ट कांद्याच्या मुळांची. बहुतेक मुळे वरच्या १५ ते २० सेंटिमीटर थरातच राहतात, त्यांना फाटे कमी फुटतात आणि केशमुळे जवळजवळ नसतात. स्फुरद आणि जस्त मातीत फारसे जागचे हलत नाहीत. त्यामुळे ही दोन्ही अन्नद्रव्ये लागवडीपूर्वी मुळांच्या थरात मिसळलेली असतील तरच कांद्याला त्यांचा उपयोग होतो. उभ्या पिकात वरून फेकलेले दाणेदार स्फुरद बऱ्याच अंशी पृष्ठभागावरच अडकते.

आता आपला अहवाल पाहू. क्रांतिक पातळी, म्हणजे जिच्याखाली कमतरता मानतात ती मर्यादा, सर्वसाधारणपणे जस्तासाठी ०.६, लोहासाठी ४.५, मंगलासाठी २, तांब्यासाठी ०.२, बोरॉनसाठी ०.५ आणि गंधकासाठी १० मिलिग्रॅम प्रति किलो धरतात. म्हणजे आपल्याकडे जस्त, लोह आणि गंधक कमी आहेत. मंगल व तांबे पुरेसे आहेत आणि बोरॉन मर्यादेच्या किंचित वर आहे. शिवाय करपा या बुरशीजन्य रोगासाठी तांबेयुक्त बुरशीनाशक फवारले, तर त्यातूनही तांबे पडतेच. बोरॉनच्या बाबतीत कमतरता आणि विषबाधा यांतील अंतर फार थोडे असते, म्हणून अहवालात कमी आल्याशिवाय ते जमिनीतून देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

जस्ताचा हिशेब मुद्दाम मांडतो. झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेटमध्ये २१ टक्के जस्त असते. हेक्टरी २५ किलोच्या प्रचलित शिफारशीप्रमाणे एकरी १० किलो टाकले, तर २.१ किलो जस्त मिळते. महाराष्ट्रात जमिनीतून देण्यासाठी जी ग्रेड १ सूक्ष्म अन्नद्रव्ये मिळतात, त्यांत जस्त ५ टक्के असते, म्हणजे १० किलोच्या बादलीतून अर्धा किलोच मिळते. तेवढेच जस्त बादलीतून द्यायचे म्हटले तर ४२ किलो माल लागेल आणि गरज नसलेले मंगल, तांबे व बोरॉन सोबत विकत घ्यावे लागेल. १० किलो झिंक सल्फेट चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून काही दिवस मुरू द्यावे आणि शेवटच्या वखरपाळीपूर्वी पसरावे. एकदा दिले की पुढची दोन-तीन पिके सहसा पुन्हा द्यावे लागत नाही. दरवर्षी टाकण्याचे कारण नाही.

लोहाचे गणित मात्र उलटे आहे. ९ टक्के चुना असलेल्या जमिनीत टाकलेले फेरस सल्फेट लवकरच ऑक्सिडीकरण होऊन निरुपयोगी रूपात जाते. ईडीटीए चिलेटेड (सेंद्रिय रेणूने धरून ठेवलेले) लोहसुद्धा सामू ७ च्या पुढे गेला की मातीत टिकत नाही; ते फवारणीसाठी चालते. जमिनीतून किंवा ठिबकमधून द्यायचेच असेल, तर ईडीडीएचए प्रकारचे चिलेट चुनखडीत टिकते, परंतु ते महाग पडते. म्हणून नवी पात पिवळी दिसू लागली, तरच ०.५ टक्के फेरस सल्फेट आणि ०.१ टक्के सायट्रिक आम्ल यांची ताजी द्रावणे करून आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन फवारण्या घ्याव्यात. कांद्याची पात उभी आणि मेणचट असते, त्यामुळे चिकट द्रव्य मिसळले नाही तर द्रावण ओघळून वाफ्यात जाते.

आष्टीकर

गंधकाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. आमच्या भागात आष्टी-कड्याकडे कांदा मोठ्या प्रमाणावर होतो आणि १०:२६:२६ चा वापरही भरपूर आहे. या खतात गंधक नाही. डीएपीतही नाही. पूर्वी सिंगल सुपर फॉस्फेट वापरले जाई, तेव्हा स्फुरदाबरोबर गंधक आपोआप मिळत असे. ते मागे पडले आणि गंधकाची बाजू नकळत उघडी राहिली. कांद्यासारख्या पिकात ही उणीव अधिक लागते, कारण त्याचा तिखटपणा आणि वास ज्या संयुगांमुळे येतो, ती गंधकापासूनच बनतात. सुपर फॉस्फेट वेळेवर मिळत नसेल तर काय करावे, हे मृदाविद्यार्थी यांनी सांगावे.

मृदाविद्यार्थी (परभणी)

आष्टीकर, आपला मुद्दा अगदी योग्य आहे. राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या शिफारशीनुसार उपलब्ध गंधक हेक्टरी २५ किलोपेक्षा कमी असेल तर हेक्टरी ३० किलो गंधक द्यावे आणि जास्त असेल तर १५ किलो पुरते. शिवनाकाठ यांचे ७ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे हेक्टरी सुमारे १६ किलो होतात. म्हणजे त्यांना एकरी १२ किलो गंधक लागेल.

संचालनालयाची रब्बी, म्हणजेच उन्हाळ कांद्यासाठीची मात्रा हेक्टरी ११० किलो नत्र, ४० किलो स्फुरद आणि ६० किलो पालाश अशी आहे, शेणखत त्याशिवाय. एकराचा हिशेब केला तर ४४, १६ आणि २४ किलो येतो. सिंगल सुपर फॉस्फेटच्या दोन बॅगा, म्हणजे १०० किलो टाकले, की १६ किलो स्फुरद पूर्ण होते आणि सोबत ११ किलोच्या आसपास गंधक मिळते. दोन्ही गरजा एकाच खतात भागतात. सुपर फॉस्फेट मिळाले नाही, तर २०:२०:०:१३ हे खत एकरी ८० किलो द्यावे. त्यातून १६ किलो नत्र, १६ किलो स्फुरद आणि १०.४ किलो गंधक मिळते, आणि लागवडीच्या वेळी द्यायचे नत्रही नेमके तेवढेच असते. याउलट १०:२६:२६ च्या दोन बॅगांतून २६ किलो स्फुरद जाते, म्हणजे शिफारशीपेक्षा १० किलो जास्त. जादा स्फुरदामुळे जस्ताचे शोषण आणखी घटते, आणि आपल्याकडे जस्त आधीच कमी आहे.

९० टक्के दाणेदार, म्हणजे मूलद्रव्य रूपातील गंधकाविषयीही अनेकदा विचारले जाते. पीक गंधक सल्फेटच्या रूपात घेते. मूलद्रव्य रूपातील गंधकाचे सल्फेट जमिनीतील जिवाणू करतात आणि त्याला ओलावा, ऊब व काही आठवडे लागतात. ते द्यायचेच असेल, तर लागवडीपूर्वी मातीत मिसळावे. कांदा पोसू लागल्यावर फेकलेले गंधक त्या पिकाच्या फारसे कामी येत नाही.

सीनामाई (परांडा)

मृदाविद्यार्थी सर, माझे प्रश्न थोडे निराळे आहेत. आमची जमीन हलकी, मुरमाड आहे आणि कांदा ठिबकवर घेतो. झिंक सल्फेट, विद्राव्य स्फुरदाची खते आणि कॅल्शियम नायट्रेट एकाच टाकीत सोडले तर चालते का? आणि पातीला पीळ पडला की सगळीकडून जस्ताची कमतरता म्हणून सांगितले जाते, ते कितपत खरे मानावे?

मृदाविद्यार्थी (परभणी)

ताई, एकाच टाकीत मुळीच सोडू नका. जस्त आणि स्फुरद एकत्र आले की न विरघळणारे झिंक फॉस्फेट तयार होते. कॅल्शियमचा स्फुरदाशी किंवा सल्फेटशी संयोग झाला तर साका खाली बसतो आणि तोट्या बुजतात. प्रत्येकाची पाळी वेगळी ठेवावी आणि मध्ये साधे पाणी सोडावे. हलक्या जमिनीत नत्र झिरपून लवकर खाली जाते, म्हणून तेच एकूण नत्र अधिक हप्त्यांत विभागणे आपल्यासाठी योग्य ठरेल. एकूण मात्रा मात्र वाढवू नये.

पिळाबद्दल सावधपणे सांगतो. जस्त कमी असले की रोप खुरटते, पातीवर फिकट पट्टे दिसतात आणि पात वळतेही. परंतु काळा करपा नावाने ओळखल्या जाणाऱ्या बुरशीजन्य रोगातही मान लांबून पात पिळवटते, आणि फुलकिड्यांनी रस शोषल्यावर पात वाकडी होऊन तिच्यावर पांढुरके ठिपके पडतात. एका पातीच्या बेचक्यात डोकावून फुलकिडे पाहिले आणि मानेजवळ डाग तपासले, तर निम्मा निर्णय तिथेच होतो. नत्र कमी पडले तर पिवळेपणा जुन्या पातीच्या शेंड्यापासून सुरू होतो. गंधक आणि लोह कमी पडले तर नवी पात आधी पिवळी होते. रोग असताना जस्ताच्या फवारण्यांवर दिवस गेले तर नुकसान दुप्पट होते.

केंद्रचालक (गेवराई)

मी कृषी सेवा केंद्र चालवतो, म्हणून दुसऱ्या बाजूने लिहितो. युरिया किंवा डीएपी हवे असेल तर सोबत अमुक बादली, तमुक बाटली उचलाच, अशी सक्ती वरून होते आणि ती शेवटी शेतकऱ्याच्या पावतीवर येते. हे लिंकिंग चुकीचे आहे, असे मी इथे स्पष्टपणे म्हणतो. शेतकऱ्यांनी प्रत्येक वस्तूचे पक्के बिल मागावे आणि सक्ती झाल्यास तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी.

बाटली घेताना लेबल वाचायला हवे. खत नियंत्रण आदेश, १९८५ प्रमाणे खताच्या पिशवीवर घटकांची टक्केवारी छापलेली असावी लागते. जैवउत्तेजकेही २०२१ पासून याच आदेशाखाली आली आहेत. ज्या डब्यावर 'सर्व अन्नद्रव्ये समाविष्ट' असे लिहिले आहे आणि टक्केवारी कुठेच नाही, तो घेऊ नये. झिंक सल्फेटवर २१ टक्के आहे की मोनोहायड्रेटचे ३३ टक्के, हेही पाहावे, कारण त्यानुसार किलोंचा हिशेब बदलतो.

शिवनाकाठ (वैजापूर)

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या आहेत. पालाश अत्यंत जास्त आहे, मग पोटॅश पूर्ण वगळावे का? चाळीत टिकवणीसाठी पोटॅश द्यावेच लागते, असे आमच्याकडे ठामपणे सांगतात. आणि युरियाचा शेवटचा हप्ता कोणत्या दिवसापर्यंत चालतो? कांदा फुगावा म्हणून शेजारपाजारचे लोक लागवडीनंतर ७० दिवसांनीही युरिया टाकतात.

मृदाविद्यार्थी (परभणी)

आधी नत्राचे सांगतो, कारण चाळीतील नुकसानीचे मूळ पुष्कळदा तिथे असते. रब्बी कांद्यात एकरी १६ किलो नत्र लागवडीच्या वेळी आणि उरलेले २८ किलो दोन समान हप्त्यांत ३० व ४५ दिवसांनी द्यावे, अशी शिफारस आहे. २८ किलो नत्र म्हणजे सुमारे ६१ किलो युरिया. प्रत्येक हप्त्याला अंदाजे ३० किलो. ४५ दिवसांनंतर नत्र देऊ नये. कांदा पोसण्याच्या काळात पातीतील अन्न खाली उतरायला हवे. तेव्हा नत्र मिळत राहिले तर पात हिरवीगार राहते, माना जाड होतात आणि वेळेवर पडत नाहीत. अशी जाड मान वाळवणीत नीट मिटत नाही, तिच्यातून सडीच्या रोगजंतूंना वाट मिळते आणि चाळीत सड व कोंब वाढतात. कोवळ्या, रसरशीत पातीवर फुलकिडेही अधिक येतात. वजन वाढल्याचे काढणीच्या दिवशी दिसते, पण ते पुढे घटीत जाते.

युरिया फोकताना आणखी एक काळजी घ्यावी. चुनखडीच्या जमिनीत पृष्ठभागावर पडलेल्या युरियातील नत्राचा काही भाग अमोनिया होऊन हवेत उडतो. म्हणून युरिया टाकल्यावर त्याच दिवशी हलके पाणी द्यावे, म्हणजे तो मुळांच्या थरात उतरेल.

पालाशाबद्दल दोन्ही टोके टाळावीत. हेक्टरी ४० टन उत्पादन देणारा कांदा सुमारे ५० ते ५५ किलो पालाश उचलतो, तेव्हा ते कायमचे शून्य करणे योग्य नाही. परंतु अत्यंत जास्त असा अहवाल असताना मात्रा निम्म्यावर आणता येते, म्हणजे एकरी १२ किलो पालाश किंवा २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश. टिकवणीसाठी पोटॅशची मदत होते हे खरे, पण ती जमिनीत कमी असताना दिसते. भरपूर असताना शेवटी केलेल्या ०:०:५० च्या फवारणीतून फारसे साधत नाही. १९:१९:१९ आणि ०:५२:३४ यांचेही तसेच आहे; एका फवारणीत एकराला एक किलो खत जाते, आणि त्यातून पडणारी अन्नद्रव्ये जमिनीतील मात्रेपुढे नगण्य असतात. अतिवृष्टीने किंवा रोगाने मुळे अडचणीत आली असतील, तर अशा फवारणीचा तात्पुरता आधार मिळतो.

आष्टीकर

एक प्रश्न जमिनीच्या पुढच्या आयुष्याविषयी. गंधक टाकत राहिल्याने चुनखडीच्या जमिनीचा सामू खाली येतो, असे सांगून पोती विकली जातात. ते खरे आहे का?

मृदाविद्यार्थी (परभणी)

दाण्याभोवतीच्या थोड्या मातीत तात्पुरते खरे आहे, संपूर्ण शेतासाठी नाही. एक एकर क्षेत्रातील वरच्या १५ सेंटिमीटर थराचे वजन सुमारे ९ लाख किलो भरते. शिवनाकाठ यांच्या ९ टक्क्यांप्रमाणे त्यात सुमारे ८१ टन चुना आहे. एक किलो गंधक पूर्णपणे ऑक्सिडीकरण झाल्यावर साधारण ३ किलो चुना निष्प्रभ करते. त्यामुळे २० किलोच्या पोत्याने ६० किलोच्या आसपास चुना संपतो आणि बाकी जसाच्या तसा राहतो. गंधक पिकाचे अन्न म्हणून जरूर द्यावे. जमीन बदलण्याच्या अपेक्षेने त्यावर पैसे घालू नयेत.

खरी सुधारणा सेंद्रिय कर्बातून होईल. ०.३८ टक्के हे प्रमाण कमी आहे. सेंद्रिय पदार्थ कुजताना निघणारी आम्ले लोह आणि जस्ताला धरून ठेवतात आणि मुळांना उपलब्ध करून देतात, म्हणजे जे काम आपण महाग चिलेट घेऊन करू पाहतो, ते काही प्रमाणात शेणखत करते. शेणखत कमी पडत असेल तर पावसाळ्याच्या सुरुवातीला ताग किंवा धैंचा पेरून फुलोऱ्यापूर्वी गाडता येतो, मात्र त्या हंगामात सोयाबीन सोडावे लागते. निदान सोयाबीनचे भुसकट जाळू नये. कोंबडीखत वापरणार असाल तर ते पूर्ण कुजलेले असावे, कारण ताज्या खतातील क्षार आणि अमोनिया कांद्याच्या नाजूक मुळांना झेपत नाहीत.

क्षारांवरून आठवले. कांदा हे क्षारांना फार संवेदनशील पीक आहे. संपृक्त अर्काची (पाण्याने पूर्ण भिजवलेल्या मातीतून काढलेल्या द्रावणाची) क्षारता १.२ डेसीसायमनच्या पुढे गेली की प्रत्येक वाढत्या एककामागे उत्पादन सुमारे १६ टक्क्यांनी घटते. प्रयोगशाळा बहुधा माती आणि पाणी १:२.५ प्रमाणात घेऊन मोजतात आणि तो आकडा संपृक्त अर्कापेक्षा कमी दिसतो. म्हणून ०.४२ वाचून अगदी निर्धास्त राहू नये. विहिरीच्या पाण्याचा नमुनाही तपासून घ्यावा, विशेषतः उन्हाळ्यात पाणी खोल जाते तेव्हा.

सीनामाई (परांडा)

सर, शेवटचे एक. फवारणीने खरोखर फरक पडला का, हे आपल्याच शेतात कसे ओळखावे? हिरवेपणा पाहून समाधान होते, पण त्यावरून पुढच्या वर्षीचा खर्च ठरवणे मला पटत नाही.

मृदाविद्यार्थी (परभणी)

ताई, सूक्ष्म अन्नद्रव्यांच्या फवारणीशिवाय शेताच्या मध्यभागी तीन-चार वाफे सोडून द्या. ठिबकवर असाल तर तेवढ्याच लांबीचे गादीवाफे. कडेचे वाफे घेऊ नका, कारण बांधाजवळ माती आणि ओलावा दोन्ही बदलतात. बाकी पाणी, नत्र आणि बुरशीनाशके सगळीकडे सारखी ठेवा. माना पडल्यावर दोन्हीकडचा कांदा एकाच दिवशी काढा, पात वाळल्यावर माना सारख्याच लांबीवर कापा आणि वेगवेगळे वजन करा. जोडकांदे, डेंगळे (फुलाचा दांडा आलेले कांदे) आणि जाड मानेचे कांदे बाजूला काढून त्यांचेही वजन लिहून ठेवा. नंतर प्रत्येकी एक गोणी खूण बांधून चाळीत एकाच उंचीवर ठेवा, आणि चाळ फोडताना सडलेला व कोंब आलेला माल निवडून दोन्ही गोण्या पुन्हा तोला.